कपाटाची चावी कोणाकडे असते?

वाचकांचे प्रश्न : या वेळी शाळेची लायब्ररी

गेल्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की शाळेच्या लायब्ररीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, ग्रंथपाल म्हणून आयुष्य त्यातच गेलंय माझं. वाटलं दोन-चार पत्रं येतील, आला ढीग. आणि गंमत बघा, पुस्तकं कमी पडतात अशी तक्रार मोजक्याच लोकांची, निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे, "चावी". सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच-सहा निवडलीयेत, थोडी छाटून देतेय. नावं कुणाचीच देत नाही, शाळेत उगाच बोलणी बसायला नकोत.

ताई, मी विक्रोळीच्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. तीन हजारांच्या वर पुस्तकं आहेत, सगळी कुलपात. ग्रंथपाल अर्धवेळ, ते सकाळी येतात, माझे वर्ग दुपारच्या अधिवेशनात. चावी ऑफिसात. मागायला गेलं की आज ऑडिट आहे, उद्या या. टाइमटेबलवर लायब्ररीचा तास आहे पण त्यात गणित होतं. लायब्ररीच्या खोलीत जुने बाक आणि परीक्षेचे गठ्ठे. मुलांच्या हातात पुस्तक जायचं कसं?

बाई, तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली शाळा आठवली. गिरणगावातली, नाव नको. तिथे कपाटं व्हरांड्यात होती, काचेची दारं, पितळी कुलपं. मधल्या सुट्टीत पोरं काचेला नाक लावून आत बघायची, मागच्या रांगेतल्या पुस्तकाचं नाव कोणाला वाचता येतं यावर पैजा लागायच्या, आणि घंटा झाली की काचेवर ठसेच ठसे, नाकाचे, तेलकट बोटांचे, एकदा तर वडापावच्या लाल चटणीचा. आमचे शिपाईमामा रोज सकाळी जुना पेपर ओला करून काच पुसायचे आणि पुटपुटायचे, "रोज पुसतो, रोज येतात मेले." ठसे सगळे साधारण एकाच उंचीवर, माझ्या कमरेच्या थोडं वर, म्हणजे पाचवी-सहावीची पोरं. महिनाभर मी नुसती ते ठसे बघत होते, मग एक दिवस हेडबाईंकडे गेले आणि म्हटलं, कुलपं काढते.

त्या काही ओरडल्या नाहीत. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, काढून पुढ्यात ठेवलं. खुर्च्या, टेबलं, फळे, घंटा, आणि त्याच रजिस्टरला पुस्तकं. माझ्या आधीच्या सरांनी निवृत्त होताना चार्ज दिला तेव्हा काही पुस्तकं कमी भरली, बिचाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. शेवटची काही वर्षं ते पाचवी-सहावीला पुस्तक देतच नव्हते म्हणे. का देतील? तुम्ही दिलं असतंत?

तर सांगायचं हे की चावी अडवणारा माणूस वाचनाच्या विरुद्ध नसतो हो, तो हिशोबाला घाबरलेला असतो. त्यामुळे हेडसरांपुढे "मुलांना वाचनाची गोडी" हे भाषण करू नका, ते त्यांनी स्वतः दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला केलेलं असतं. त्यांची भीती कागदावर घालवा.

कागद असा. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, २०१७ चे, त्यातला नियम २१५ ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पडताळणीचा आहे. तो म्हणतो की वर्षभरात जेवढी पुस्तकं वाचायला दिली त्यात हजारामागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी नुकसान समजायचं, अट एवढीच की लबाडी किंवा हलगर्जीपणा झालेला नसावा. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. आता नीट वाचा, हजार "दिलेल्या" पुस्तकांमागे, हजार "असलेल्या" नाही. म्हणजे ५०० मुलांनी वर्षात दहा-दहा पुस्तकं नेली तर देवघेव झाली ५०००, आणि त्यात २५ पुस्तकं गेली तरी कुणाचा गुन्हा नाही. कुलूप लावून बसलात तर सूट शून्य, कारण दिलंच नाही कुणाला. वाळवीने खाल्लेली वेगळी, ती कपाट बंद असलं तरी खातेच. हा नियम केंद्राच्या खात्यांसाठी आहे, तुमच्या शाळेला थेट लागू नाही, हे हेडसर लगेच म्हणतील आणि ते बरोबर आहेत. पण शाळा समितीपुढे ठेवायला तो भक्कम आधार आहे. दोन ओळींचा ठराव करून घ्यायचा, की वाचायला दिलेल्या पुस्तकांत हजारामागे पाचपर्यंत गहाळ झाली तर दर वर्षी समितीच्या मंजुरीने त्यांचं निर्लेखन करायचं, म्हणजे रजिस्टरमधून ती कमी करायची, आणि ग्रंथपाल किंवा वर्गशिक्षकाकडून वसुली नाही. ठरावाची झेरॉक्स कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. आमच्याकडे ठराव व्हायला दीड वर्ष गेलं, कारण समितीतले एक गृहस्थ प्रत्येक मीटिंगला "पण शिस्तीचं काय" एवढंच विचारून चहा पिऊन जायचे. पण झाला, आणि त्या दिवशी कुलपं निघाली.

पहिल्या वर्षी गेली १४ पुस्तकं. मी यादी केली आणि माझंच मला हसू आलं. सगळी भुताची, क्रिकेटची, विनोदी, आणि एक दुचाकी दुरुस्तीचं. जी पुस्तकं गेली तीच मुलांना हवी होती ना! पुढच्या खरेदीत त्याच विषयांची दोन-दोन मागवली. गहाळ पुस्तकांची यादी फेकायची नसते, मुलांना काय वाचायचंय हे तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

आता दुपारच्या वर्गांचं. ग्रंथपाल सकाळी येतात तर त्यांनी दुपारी यावं असं म्हणून उपयोग नाही, अर्धवेळ माणसाला बहुतेक दुसरीकडेही काम असतं. पुस्तकांनाच दुपारी पाठवायचं. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं, १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली. विक्रोळीच्या एका शाळेत तीन मजले चढायला तर पेटीसुद्धा नको, झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट चालेल. वर्गात मुलं जितकी त्यापेक्षा दहा-बारा पुस्तकं जास्तच घाला, नाहीतर शेवटच्या पोराला उरलंसुरलं मिळतं. एका वहीत यादी, तुमची एक सही, महिन्याने क्रेट बाजूच्या वर्गाला आणि त्यांचा तुमच्याकडे. देवघेव मुलांनीच करायची. दोन मॉनिटर नेमा, आणि माझं ऐका, त्यातला एक वर्गातला सगळ्यात वांड पोरगा नेमा, पुस्तक परत आणायला लावण्यात त्याच्याइतका हुशार कुणी नसतो.

आणि अजून एक वेळ आहे जी कुणी मोजत नाही. सकाळचं अधिवेशन सुटतं आणि दुपारचं भरतं त्यामधली पंधरा-वीस मिनिटं. दुपारची कितीतरी मुलं अर्धा तास आधी येऊन गेटपाशी धुडगूस घालत असतात. तेवढाच वेळ कपाट उघडं ठेवा, सकाळचे ग्रंथपाल तेव्हा शाळेतच असतात. लायब्ररीच्या तासाला गणित होतं ते मात्र तुम्ही एकट्या थांबवू शकणार नाही, त्यासाठी पालकसभेत एखाद्या आईनेच विचारायला हवं. खोलीतले बाक काढायला सांगताना एवढंच म्हणा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला लायब्ररी सांगितलीये, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसकट. गोष्टींची पुस्तकं असं चक्क लिहिलंय त्यात. बाकांबद्दल काही लिहिलेलं नाही.

काकू, मी नववीत आहे, लालबागला राहते. आमच्या लायब्ररीत दर शुक्रवारी हजेरी नंबरप्रमाणे एकेक पुस्तक वाटतात, वरून जे येईल ते. माझा नंबर ४१ आहे. मला तीनदा एकच पुस्तक मिळालं, बैलांच्या आजारांवरचं. आणि जाड पुस्तकं, शब्दकोश, विज्ञानाचा कोश हे घरी देत नाहीत, तिथेच बसून बघा म्हणतात, पण तिथे बसायला वेळ कुठे असतो? घरी आम्ही सहा जण एका खोलीत, टीव्ही चालू असतो.

अगं, बैलांचे आजार तीन वेळा! आता निदान तोंडी परीक्षेत विचारलं तर पहिली येशील. हसू नको, मलाही वाईट वाटलंच, पण हसू आधी आलं.

रेशनसारखं पुस्तक वाटणं ही पद्धत मला अजिबात पटत नाही. रंगनाथन नावाचे आपल्याकडचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले, आधी ते गणिताचे मास्तर होते. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, पहिलं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात आणि दुसरं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्याचं, म्हणजे त्याला हवं असलेलं, नंबराने आलेलं नाही. पण हे तू सरांना जाऊन ऐकवू नकोस, नववीतल्या मुलीने सूत्रं सांगितली की सर चिडतात. तू असं कर. शुक्रवारी पुस्तकं वाटून झाली की वर्गातल्या वर्गात अदलाबदल करायची परवानगी माग, नोंद सरांच्या वहीत बदलून घ्यायची. ह्याला कुठलेच सर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांचं काम वाढत नाही. दुसरं, मागणी वही. साधी शंभर पानी वही, लायब्ररीच्या दाराला सुतळीने बांधलेली, ज्याला जे पुस्तक हवं त्याने ते लिहायचं. नुसतं "चांगली पुस्तकं आणा" नाही, विषय लिहायचा. मार्चअखेरीस खरेदीची घाई होते तेव्हा काय घ्यायचं हे ठरवायला कुणालाच वेळ नसतो आणि दुकानदार देईल ते गठ्ठ्याने येतं. तुझे ते बैल असेच आले असणार. वही समोर असली तर निदान पर्याय असतो.

कोशाचं म्हणशील तर त्याला रात्रीपुरतं देणं असा एक प्रकार आहे. शाळा सुटताना न्यायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला परत. दिवसभर कोश शाळेतच राहतो, सगळ्यांना बघायला मिळतो, रात्री तो कपाटात झोपण्यापेक्षा तुझ्याकडे जागा राहिला तर काय बिघडलं? विचारून बघ, हवं तर आईची चिठ्ठी ने. आणि बसायला जागा हवी असेल तर तुमच्या बाजूला महापालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका आहे का ते बघ, गणपतीची मंडळं नुसती गणपतीच बसवत नाहीत गं. जरा चालायची तयारी असेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासून आहे ते. मोबाइल हातात असतोच तर बालभारतीचं "किशोर" मासिक बघ, १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत. टीव्ही चालू असताना कानात बोळे घालून मी स्वतः वाचलंय, तेव्हा ते कारण मला सांगू नको!

मी गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सगळे मुलांबद्दल बोलतात, आम्हा शिक्षकांचं काय? एका वेळी दोनच पुस्तकं, आणि १५ एप्रिलच्या आत सगळी जमा करा, मोजणी आहे. मे महिन्यात वाचायला वेळ असतो नेमकं तेव्हाच पुस्तक नाही. जूनमध्ये कपाट उघडायला जुलै लागतो.

सर, जून उघडायला जुलै लागतो हे वाक्य मी घरी वाचून दाखवलं, आमचे हे म्हणाले महापालिकेचे रस्ते पण असेच.

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरतो आणि त्यात शिकवायची तयारी धरलेली आहे, मग तयारी करायची कशावर, फळ्याकडे बघून? पण आधी तुमच्या जातभाईंची एक तक्रार मला करू द्या. माझ्या सगळ्या नोकरीत पुस्तक सगळ्यात उशिरा परत केलं ते मुलांनी नाही, शिक्षकांनी. एका सरांनी एक संदर्भग्रंथ ११ वर्षं ठेवला होता, मागायला गेलं की म्हणायचे, "अहो बाई, माझ्याकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे." सुरक्षित होताच, कारण उघडलेलाच नव्हता, पानं चिकटलेली होती. त्यामुळे ग्रंथपाल दोनाच्या वर देत नाहीत त्यामागे असे एकेक अनुभव असतात.

मोजणीचं ऐका. वर सांगितलेल्या नियम २१५ मध्येच वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दर वर्षी पूर्ण मोजणी करायची असं आहे, म्हणजे मोजणी हवीच. पण मोजणी म्हणजे प्रत्येक पुस्तक शेल्फवर परत आलंच पाहिजे असं थोडंच आहे! शेल्फवरची पुस्तकं मोजायची, बाहेर असलेली इश्यू रजिस्टरवरून मोजायची, दोन्ही मिळून बेरीज जमली की झालं. ज्याच्याकडे आहे त्याने एप्रिलमध्ये एकदा पुस्तक दाखवून तारखेसकट नवी सही करायची आणि घेऊन जायचं. तीन-चार हजार पुस्तकं दोन माणसं दोन-तीन दिवसांत मोजतात, मी केलंय, एकाने नंबर वाचायचा आणि दुसऱ्याने रजिस्टरवर पेन्सिलची टिक, दुपारी पंख्याखाली जरा डोळा लागतो तेवढाच खंड. त्यासाठी अडीच महिने लायब्ररी बंद ठेवायची गरज नाही.

आणि सुट्टीत मुलांनाही द्या, निदान चार-चार. गावाला जाणारी मुलं कोकणात नेऊन आंब्याच्या डागासकट परत आणतात, आणू देत. हरवायची भीती असेल तर निकालाच्या दिवशी द्या आणि शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकाने घ्यायची. दहावीवाल्यांना मात्र नाही, त्यांचा दाखला एकदा गेला की पुस्तकही गेलं.

स्टाफरूममध्ये एक छोटं शेल्फ मागून घ्या, विषयवार पंधरा-वीस पुस्तकं, रजिस्टर नको, फक्त भिंतीला लावलेला कागद आणि पेन. आमच्याकडे ते शेल्फ चहाच्या थर्मासच्या बाजूला ठेवलं होतं, मुद्दाम. चहा गार होईपर्यंत माणूस काहीतरी चाळतोच. आणि एक युक्ती, तुम्ही प्रकाशाचं परावर्तन शिकवणार असाल तर आठवडाभर आधी ग्रंथपालांना चिठ्ठी द्या की ह्या धड्याला जुळतील अशी पुस्तकं काढून ठेवा. अशी चिठ्ठी मला सगळ्या नोकरीत मोजून सहा-सात वेळा आली असेल, आणि प्रत्येक वेळी मी घरी जायला उशीर करून ती पुस्तकं शोधली. ग्रंथपालाला कुणी काही विचारतच नाही हो, सगळे फक्त चावी मागतात.

आमच्या माजी विद्यार्थी संघाने शाळेच्या लायब्ररीसाठी एक लाख जमवले आहेत. सॉफ्टवेअर, बारकोड, दोन कॉम्प्युटर असा विचार आहे. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

आधी अभिनंदन. आता रागावू नका. सॉफ्टवेअरला पैसे लागतच नाहीत, कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररीसाठी १९९९ च्या सुमारास बनवलेलं, आज जगभर चालतं. सरकारच्या एनआयसीचं, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे. पण ते बसवायला आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला सांभाळायला माणूस लागतो, आणि तुमच्या संघातला जो आयटीवाला आज उत्साहात आहे तो दिवाळीनंतर फोन उचलणार नाही. आधी साध्या एक्सेलमध्ये चार रकाने भरा, दाखल नंबर, नाव, लेखक, कुठल्या शेल्फवर. ती शीट शिक्षकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाका. कुठलं पुस्तक आहे हे घरबसल्या समजलं की अर्धं काम झालं. पुढे कधी कोहा घेतलंत तर हीच शीट आत ओतता येते.

पैसे सुताराला द्या. कंबरभर उंचीचे उघडे रॅक, दारं नकोत, आणि वरचा एक खण तिरका, पुस्तकाचं मुखपृष्ठ समोर दिसेल असा. लहान मुलं कणा वाचून पुस्तक निवडत नाहीत, चित्र बघून निवडतात.

वर्गीकरणाचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण कोणीतरी हुशारी करणारच. ड्युई दशांश पद्धत १८७६ ची, चांगलीच आहे, ५०० मध्ये विज्ञान, ९०० मध्ये इतिहास-भूगोल. पण इंग्रजी साहित्याला त्यात ८२० ते ८२९ असं अख्खं घर आणि आपल्या मराठीला ८९१.४६, म्हणजे जिन्याखालची खोली. मराठी शाळेत गोष्टीच्या प्रत्येक पुस्तकावर तोच ८९१.४६ चिकटणार, मग मुलाने शोधायचं काय? गोष्टींना रंगीत पट्ट्या लावा. भूत काळी, विनोद पिवळी, साहस लाल, प्राणी हिरवी. पट्ट्यांचे रोल स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. कुठला रंग कशाला हे सहावीच्या मुलांना ठरवू द्या, आमच्याकडे त्यांनी कवितांना गुलाबी दिला आणि मग मुलगे कवितांना हातच लावेनात, शेवटी बदलून केशरी केला.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते, म्हणून आमच्याकडे जून ते सप्टेंबर लायब्ररी बंद असते. हे बरोबर आहे का?

उलटं आहे. बंद ठेवल्यामुळेच लागते. मुंबईच्या दमट हवेत बंद कपाट म्हणजे बुरशीला आंदण. वारा हवा, हात लागायला हवा, पुस्तकं घट्ट कोंबायची नाहीत, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खालचा खण रिकामा. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकू नका, वाकडं होतं, पंख्याखाली पानं उघडून उभं ठेवा. बुरशी आलेली पुस्तकं बाकीच्यांपासून आधी वेगळी करा आणि पुसताना तोंडाला रुमाल बांधा. कसर असेल तर डांबराच्या गोळ्या ठेवतात पण मुलं जिथे बसतात तिथे नकोत, वास डोक्यात जातो. वाळवीला घरगुती उपाय नाही, पेस्ट कंट्रोलवाला बोलवा आणि तोही सुट्टीत. पावसात पोरं मैदानात जाऊ शकत नाहीत, लायब्ररी उघडी हवी ती नेमकी तेव्हाच, आणि तुम्ही तेव्हाच कुलूप लावता!

माझा मुलगा सहावीत आहे, त्याला फार कमी दिसतं. शाळा भांडुपला, साधीच शाळा आहे आणि बाई चांगल्या आहेत. पण लायब्ररीच्या दिवशी तो नुसता बसून राहतो. सगळे पुस्तक निवडतात, हा खिडकीपाशी. ग्रंथपाल म्हणतात त्याच्यासाठीची पुस्तकं आमच्याकडे नाहीत, आणि झेरॉक्स मोठी करून देणं कायद्यात बसत नाही. खरंच बसत नाही का?

बसतं. ताई, हे मी ठामपणे लिहितेय, हे पान कापून त्यांना दाखवा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, कलम ५२ मध्ये एक उपकलम आलं, त्याप्रमाणे ज्यांना साधं छापील पुस्तक वाचता येत नाही अशा व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत करता येते, शिक्षणासाठी, नफा न घेता. आणि अशाच प्रतींसाठी २०१३ मध्ये माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश आपलाच होता. तेव्हा झेरॉक्सवाल्याकडे बिनधास्त जायचं. ए-फोरचं पान ए-थ्री वर घेतलं की १४१ टक्के होतं, १२ चा टाइप १७ च्या आसपास जातो. तेवढ्याने भागत नसेल तर अजून एकदा मोठं करा. चकचकीत कागद नको, डोळ्यावर उजेड मारतो. पाठ्यपुस्तकांसाठी झेरॉक्सचीही गरज नाही, बालभारतीच्या पीडीएफ फुकट मिळतात, टॅबवर बोटाने हव्या तेवढ्या मोठ्या करता येतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठी गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात, तिथेही तेच.

ऐकायची पुस्तकं हवी असतील तर वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, तिथे बोलत्या पुस्तकांची चौकशी करा. आणि सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, सभासद झालं की पुस्तक डाउनलोड करून फोनवर ऐकता येतं किंवा अक्षर मोठं करून वाचता येतं.

पण तो खिडकीपाशी बसतो हे मला जास्त लागलं. त्याचं पुस्तक त्याला वेगळं नेऊन देऊ नका, इतरांबरोबर रॅकवर ठेवायला सांगा, त्याच्या हाताच्या उंचीवर, एका कडेला, ठरलेल्या जागी, आणि त्यावर मोठ्या जाड अक्षरात नाव. म्हणजे तोही उठून जाईल आणि निवडेल. एकच ठेवू नका, निवडायला चार तरी हवीत. आणि जोडीला वर्गातला एक मित्र, जो त्याला मागच्या पानावरचा मजकूर वाचून दाखवेल, हे काम मुलं फार आनंदाने करतात, फक्त मित्र बाईंनी नाही, त्याने स्वतः निवडायचा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळेने गरजेप्रमाणे सोय करून द्यायची हे स्पष्ट आहे, कमी दृष्टी त्यात येते, पण बाई चांगल्या आहेत म्हणता तर कायदा पिशवीतच राहू द्या, आधी गोडीने बोला. सुगम्यच्या नोंदणीला दिव्यांग प्रमाणपत्र लागेल, त्याच्या झेरॉक्स दोन काढा, एक शाळेच्या फाइलला लावून टाका. आणि ती मोठी करू नका, ती साधीच चालते.